‘निरवानिरव’, ‘उत्तरकार्य’ आणि फायनलायझर

प्रश्न जळगावात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एका ताईंचा आहे. ‘जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स मराठीत काढते आहे. फायनलायझरला आमच्या क्लासमध्ये सर्रास “विनाशक” म्हणतात, एका भाषांतरात “अंतिमक” दिसलं. मला “निरवानिरव” सुचलं. पण मैत्रिणी म्हणतात, तो शब्द मरणाच्या दारातल्या माणसाबद्दलच वापरायचा; आणि सर म्हणतात, तो “नीरव” म्हणजे शांत यावरून आलाय. खरं काय?’

ताई, ‘विनाशक’ आधी खोडा. क्लासमध्ये, मुलाखतीत, व्हिडिओत, जिथे तिथे हा शब्द कानावर येतो आणि प्रत्येक वेळी चीड येते. फायनलायझर कशाचाही नाश करत नाही. मेमरी मोकळी करण्याचं काम गार्बेज कलेक्टरचं, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप गोळा करणाऱ्या यंत्रणेचं. ऑब्जेक्टकडे, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत घडवलेल्या वस्तूकडे, जाणारी एकही वाट उरली नाही हे कलेक्टरच्या ध्यानात आल्यावर, त्याच्यामागे राहिलेली उस्तवार करायला जो कोड चालतो तो फायनलायझर. हा घोळ सी प्लस प्लसकडून आला. तिथला डिस्ट्रक्टर स्कोप (नाव जिथपर्यंत वापरता येतं तो कोडचा भाग) संपला की त्याच क्षणी आणि ठरलेल्या क्रमाने चालतो. सी शार्प घडवणाऱ्यांनी त्याचं टिल्डचं (~) चिन्ह उचललं आणि अधिकृत दस्तऐवजांतसुद्धा बरीच वर्षं ‘डिस्ट्रक्टर’च लिहिलं. भाषा घडवणारे म्हणून त्यांचा मान मोठा, पण हे नाव चूकच होतं. वेळेची आणि क्रमाची जी हमी सी शार्पमध्ये नाहीच, ती त्या नावाने लोकांच्या डोक्यात बसवली. पुढे त्यांनाच नाव बदलून ‘फायनलायझर’ करावं लागलं. टिल्ड मात्र अजून तसंच आहे.

‘अंतिमक’ही नको. अंतिम म्हणजे ज्यानंतर काही नाही ते. फायनलायझरनंतर बरंच काही होऊ शकतं, ते खाली येईलच.

आता खरी गंमत. ‘फायनल’च्या मुळाशी लॅटिन ‘फिनिस’ आहे, आणि त्याचा अर्थ हद्द, शीव. शेवट हा अर्थ त्यातूनच निघाला. शेताची शीव म्हणजे शेताचा शेवट, इतकं ते सरळ आहे. आपला ‘अंत’ही तसाच. संस्कृतात अंत म्हणजे कडा, टोक. सीमान्त, वनान्त यांतला अंत मरणाचा नाही. इंग्रजी ‘एंड’ आणि आपला ‘अंत’ एकाच घराण्यातले. पण ‘फिनिस’चा प्रवास मला त्याहून लोभस वाटतो. जुन्या फ्रेंचमध्ये त्यापासून ‘फिनेर’ हे क्रियापद झालं. अर्थ संपवणे, आणि त्याच ओघात देणं चुकतं करणे. त्या चुकतं करण्यातूनच ‘फायनान्स’ जन्माला आला! दंड या अर्थाचा ‘फाइन’ही तिथलाच, कारण रक्कम भरली की प्रकरण मिटतं. म्हणजे फायनलायझर या शब्दाच्या रक्तातच हिशेब मिटवणं आहे, घेतलेलं ज्याचं त्याला परत करणं आहे. ऑब्जेक्टने ऑपरेटिंग सिस्टिमकडून फाइल हँडल (उघडलेल्या फाइलचा ताबा) घेतलं, सॉकेट (नेटवर्कच्या जोडणीचं टोक) घेतलं, डेटाबेसचं कनेक्शन घेतलं, सी भाषेतल्या लायब्ररीकडून मेमरीचा तुकडा घेतला. ही उसनवारी कलेक्टरला दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या हीपमधली, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या जागेतली, मेमरी दिसते. ती परत करायला हवी, म्हणून ही सगळी यातायात.

घेतलेलं परत करण्याच्या या कामाला मराठीत चपखल शब्द ‘निरवानिरव’ हाच. ताई, तुमचा कान पक्का आहे.

सरांचं म्हणणं मात्र मला अजिबात मान्य नाही. ‘नीरव’मधला ‘नी’ दीर्घ, ‘निरवानिरव’मधला ऱ्हस्व, हे झालं वरवरचं. घडण बघा. आवरणे–आवराआवर, बांधणे–बांधाबांध, पळणे–पळापळ, झाकणे–झाकाझाक. हा साचा क्रियापदाच्या धातूचा आहे, विशेषणाचा नाही. तेव्हा निरवानिरव निघाला ‘निरवणे’पासून, आणि निरवणे म्हणजे सोपवणे, हवाली करणे. लेक सासरी निघताना तिला सासूच्या हाती निरवतात. तिथे शांतताही नाही आणि मरणही नाही.

‘निरवणे’ कुठून आला, याबद्दल माझं एक मत आहे, आणि मी ते सोडणार नाही. संस्कृतात ‘निर्’ आणि ‘वप्’ मिळून निर्वपति होतं. वाट्यातला भाग वेगळा काढून देवाला किंवा पितरांना द्यायचा, असा त्याचा अर्थ. त्याचं नाम निर्वाप. त्याच्याच जवळचा ‘निवाप’ अमरकोशात पितरांना दिलेल्या दानासाठी आहे. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणं मराठीत नेहमीचंच : दीप–दिवा, कपाट–कवाड. म्हणून वेगळं काढून देणे, देऊन टाकणे, सोपवणे, अशी वाट मला दिसते. खान्देशात राहणाऱ्याला तर ती रोजच्या जगण्यात दिसते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि त्याच आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचं, साल संपतं. बैल, अवजारं, गोठ्याची जबाबदारी धन्याच्या हवाली, उचल वळती करून हिशेब चुकता, मग नवं साल याच शेतात की दुसरीकडे ते ठरतं. पितरांना देणं आणि धन्याला सोपवणं, दोन्ही एकाच दिवशी. ‘निर्वाप’ आणि ‘निरवणे’ यांना जोडणारा याहून देखणा पूल मला माहीत नाही.

आता मैत्रिणींचा आक्षेप. ‘निरवानिरवीची भाषा’ हा प्रयोग आजारी माणसाबद्दल रूढ झाला, म्हणून शब्दाला मरणाचा वास चिकटला. पण सालदार आखाजीला निरवानिरव करतो तो धडधाकट असतो. हा शब्द जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या हाताने करायच्या कामाचा आहे. आणि नेमकं इथेच, ताई, तुम्ही योग्य शब्द चुकीच्या जागी लावताय!

निरवानिरव म्हणजे फायनलायझर नव्हे. निरवानिरव म्हणजे ‘क्लोज’, ‘डिस्पोज’. ऑब्जेक्ट जिवंत आहे, प्रोग्रामरच्या हातात आहे, आणि आपण स्वतः सांगतो, ‘आवरी ले’ (आवरून घे). जावात 2011च्या सातव्या आवृत्तीपासून ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ आहे, सी शार्पमध्ये ‘यूझिंग’, पायथनमध्ये ‘विथ’, गो या भाषेत ‘डिफर’. चौघांचं काम एकच : एरर आली तरी निरवानिरव चुकू न देणं.

फायनलायझरसाठी आपल्या जिल्ह्यांत घरोघरी ठाऊक असलेला शब्द आहे ‘उत्तरकार्य’. मृत्यूनंतरच्या गंधमुक्ती विधीच्या पत्रिकेवर तो छापलेला असतो. यातला ‘उत्तर’ म्हणजे ‘उद्’ला ‘तर’ लागून झालेलं रूप, अधिक वरचं. ‘तम’ लागला की उत्तम. वरचं म्हणून दिशा उत्तर, आणि नंतरचं म्हणूनही उत्तर : उत्तररात्र, उत्तरार्ध. उत्तरकार्य म्हणजे नंतरचं काम, जे ज्याचं आहे त्याच्या हातून होत नाही, मागे राहिलेल्यांनी करायचं असतं. हा अर्थ धरला की फायनलायझर सुरक्षित कसा वापरावा याचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

जावाच्या जुन्या ‘फायनलाइझ’मध्ये खोट नेमकी इथे होती. तो ऑब्जेक्टचीच मेथड (त्याच्यातलंच फंक्शन) होता. मयताने आपलं उत्तरकार्य आपणच करावं, अशी ती योजना. त्यामुळे ‘धिस’, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, तिथे हाताशी असे. तो एखाद्या (प्रोग्राम चालू असेपर्यंत टिकणाऱ्या) स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला की ऑब्जेक्ट पुन्हा जिवंत, आणि दुसऱ्यांदा कचऱ्यात गेला की फायनलाइझ चालत नाही, कारण तो एकदाच बोलावला जातो. म्हणून वर ‘अंतिमक’ला नकार दिला. त्यातून एखादं एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) बाहेर पडलं तर जावा ते गुपचूप गिळते, डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालते त्या व्यवस्थेत, 2.0 आवृत्तीपासून तशा एक्सेप्शनने अख्खा प्रोसेस बंद पडतो. शेवटी 2017 साली नवव्या आवृत्तीत जावाने फायनलाइझ ‘वापरू नका’ वर्गात टाकलं, आणि 2022 साली अठराव्या आवृत्तीत ते पुढे काढूनच टाकायचं असल्याचं जाहीर केलं. जागी आला ‘क्लीनर’. यात साफसफाईचा कोड वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये राहतो. मूळ ऑब्जेक्ट त्याला दिसतच नाही, तर जिवंत कसा करणार? गोनेही तीच वाट धरली. ‘सेटफायनलायझर’ होतंच, 2025च्या 1.24 आवृत्तीत ‘ॲडक्लीनअप’ आलं, आणि नव्या कोडमध्ये तेच वापरा असा त्यांचा सल्ला आहे.

क्लीनर वापरताना चांगले चांगले फसतात ते एका ठिकाणी. साफसफाईच्या कोडमध्ये लॅम्ब्डा (निनावी फंक्शन) लिहायचा आणि त्यात नकळत ‘धिस’ पकडला जायचा. मग क्लीनर ऑब्जेक्टला धरून ठेवतो, ऑब्जेक्टकडे जाणारी वाट कधीच तुटत नाही, आणि उत्तरकार्याची वेळच येत नाही. मेमरी मात्र गळत राहते. उपाय : साफसफाईला लागणारी माहिती स्टॅटिक नेस्टेड क्लासमध्ये (मूळ ऑब्जेक्टशी न बांधलेल्या आतल्या क्लासमध्ये) ठेवा, आणि तिच्यात फक्त हँडल ठेवा.

दुसरं, उत्तरकार्यावर विसंबून फाइल उघडत सुटू नका. कलेक्टर जागा होतो मेमरी कमी पडली की. फाइल हँडल संपत आली हे त्याच्या गावीही नसतं. लिनक्सवर एका प्रोसेसला बहुधा 1024 फाइलींची मर्यादा असते. मोठ्या मेमरीच्या मशीनवर हीप भरायच्या कितीतरी आधी ती ओलांडली जाते, आणि प्रोग्राम ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणून पडतो. प्रोग्राम संपताना तर उत्तरकार्य होईलच याची हमी बहुतेक भाषा देत नाहीत.

क्रमाचंही तेच. बफर (फाइलीत जाण्याआधी मजकूर साठवणारा) आणि त्याच्या खालची फाइल एकदमच कचऱ्यात गेली तर आधी कोणाचं उत्तरकार्य होईल ते सांगता येत नाही. फाइल आधी बंद झाली, तर बफरमधला मजकूर गेलाच. म्हणून फायनलायझरमधून दुसऱ्या फायनलायझर असलेल्या ऑब्जेक्टला हात लावू नये, लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) घेऊ नये, नेटवर्कची वाट पाहू नये. हा कोड वेगळ्या थ्रेडवर (कामाच्या समांतर धाग्यावर) चालतो; तो थ्रेड एके ठिकाणी अडकला की मागची सगळी रांग तुंबते.

आणि सर्वांत अवघड बाब, जिच्यावर गार्बेज कलेक्टरचे जाणकार हान्स बोम यांनी 2003 सालच्या आपल्या निबंधात नेमकं बोट ठेवलं. ऑब्जेक्टची मेथड अजून चालू असतानाच त्याचं फायनलायझर सुरू होऊ शकतं! मेथडने हँडल वाचून घेतलं, पुढे ‘धिस’ लागणार नाही असं कंपायलरला दिसलं, की ऑब्जेक्ट कलेक्टरच्या लेखी संपला. इकडे हँडल वापरात, तिकडे ते बंद. यासाठी जावात ‘रीचेबिलिटीफेन्स’ आहे, गो आणि सी शार्पमध्ये ‘कीपअलाइव्ह’. नाव कीपअलाइव्ह असलं तरी ते कोणाला जिवंत करत नाही. या ओळीपर्यंत हा जिवंत धरा, एवढंच ते कलेक्टरला सांगतं.

मग फायनलायझर ठेवायचाच कशाला? निरवानिरव राहून गेली तर उत्तरकार्याने सावरावं, म्हणून. ‘क्लोज’ झालं नव्हतं असं उत्तरकार्यात दिसलं, तर हँडल परत करा आणि लॉगमध्ये ओरडून सांगा. पायथन हेच करतो : फाइल बंद न करता सोडली, तर इशारे चालू असताना ‘रिसोर्सवॉर्निंग’ देतो. आणि ‘डिस्पोज’ नीट झालं असेल तर उत्तरकार्य रद्द करा. सी शार्पमध्ये त्याला ‘सप्रेसफायनलाइझ’ आहे. न केल्यास ते ऑब्जेक्ट विनाकारण पुढच्या जनरेशनमध्ये (कलेक्टर क्वचित तपासतो अशा जुन्या ऑब्जेक्टच्या गटात) ढकललं जातं आणि मेमरी जास्त काळ अडते.

नोट्समध्ये क्लोज आणि डिस्पोजपुढे निरवानिरव लिहा, फायनलायझर आणि क्लीनरपुढे उत्तरकार्य. निरवानिरव स्त्रीलिंगी, म्हणून ‘फाइलची निरवानिरव केली’. उत्तरकार्य नपुंसकलिंगी, म्हणून ‘ऑब्जेक्टचं उत्तरकार्य झालं’. ‘निरवानिरवी झाली’ असं रूपही ऐकू येतं. विभक्तीचा प्रत्यय लागताना मात्र ‘निरवानिरवी’ हेच रूप होतं, जसं निरवानिरवीची, निरवानिरवीत.