मुलाला भौतिकशास्त्र शिकून विज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं आहे. हे करिअर आहे की नुसता छंद?

तुमचा मुलगा संभाजीनगरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पीएच.डी. करून पुढं विज्ञानप्रसाराचं काम करायचं म्हणतोय, इथवर प्रश्न सरळ आहे. शेवटची ओळ मात्र मला झोंबली: "नातेवाईक म्हणतात, ज्यांना संशोधन जमत नाही ते भाषणं देत फिरतात." हे वाक्य मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकलंय. एखाद्या खेड्यात बोलून परतलो की आमचे तेव्हाचे विभागप्रमुख चहाचा कप खाली न ठेवता विचारायचे, "काय सर, झालं का कीर्तन?"

तर आधी नातेवाइकांचं बघू. जयंत नारळीकरांचा हॉइल यांच्यासोबतचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ चा, पद्मभूषण १९६५ चं. तेव्हा वय सत्तावीसही नव्हतं. पुढं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली, नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून, आणि पहिलं बक्षीस घेतलं. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभी केली १९८८ मध्ये, विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६ मध्ये. संशोधन जमत नव्हतं म्हणून लिहीत होते का ते? त्यांचे गुरू फ्रेड हॉइल तर १९४९ पासून बीबीसीच्या रेडिओवर बोलायचे. विश्व एका महास्फोटातून सुरू झालं या कल्पनेला 'बिग बँग' हा शब्द त्यांनी तिथंच वापरला, तोही तिचे विरोधक म्हणून. नातेवाइकांना एवढं ऐकवा आणि विषय संपवा.

आता माझं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' येणार, ही चर्चा जोरात होती. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आत निर्वात नळ्या, त्यांतून लेसर आणि काम काय, तर गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-दाबत जाणाऱ्या लाटा, टिपायच्या. त्या भागातल्या एका गावात ओळखीच्या शिक्षकानं संध्याकाळी मारुतीच्या पारावर मला बोलायला उभं केलं. समोर टँकरची वाट बघून वैतागलेली माणसं. मी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी फरक मोजण्याबद्दल बोलतोय आणि मागं रिकाम्या घागरींची रांग!

पहिला प्रश्न अपेक्षित होता. प्यायला पाणी नाही आणि शेकडो कोटी लहरी पकडायला कशाला? याचं सोपं उत्तर नाही आणि मी दिलंही नाही. एवढंच म्हणालो की हे पैसे वाचवले तरी ते तुमच्या विहिरीत येणार नाहीत, ते वेगळं भांडण आहे आणि तेही भांडायलाच पाहिजे.

मग एक म्हातारे उठले. "आन् इथंच का?" मी सांगितलं की यंत्राला शांत जमीन लागते. मोठे कारखाने, महामार्गाची वर्दळ, रेल्वेची धडधड जवळ चालत नाही. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "म्हंजी आमच्याकडं काहीच न्हाई, म्हनून आलं म्हना की हे!" अख्खा पार हसला. मीही. मराठवाड्याच्या अनुशेषावर इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या समितीच्या अहवालात वाचलेलं नाही.

कुणीतरी किल्लारीच्या भूकंपाचं काढलं. यंत्रामुळं हादरे बसतील का? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं या प्रश्नाला हसायचं नसतं. यंत्र हादरे देत नाही, उलट दूरच्या भूकंपानंसुद्धा त्याचंच काम बिघडतं, हे समजावायला बराच वेळ गेला. शेवटी शाळेतल्या एका मुलीनं विचारलं की अमेरिकेत सापडली ती लहर आपल्या गावातूनही गेली का? गेली. १४ सप्टेंबर २०१५, आपल्या घड्याळात दुपारी ३ वाजून २० मिनिटं. एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवरून दोन कृष्णविवरांच्या टकरीची खबर घेऊन आली आणि पारातून, घागरींतून, बैलांतून आरपार गेली. पोळा नुकताच झाला होता, बैलांच्या शिंगांचा रंगही उतरला नसेल. त्यावर लोक आपसांतच बोलायला लागले, त्या दुपारी कोण कुठं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तोच प्रश्न, झालं का कीर्तन. मी म्हणालो, झालं. नामदेवांचं नरसी त्याच जिल्ह्यात आहे सर, तिथं कीर्तनाला कुणी हलकं समजत नाही. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, तत्त्व मांडायचं, मग उत्तररंगात आख्यान. हल्ली मोबाइलवर विज्ञान सांगणाऱ्या बऱ्याच पोरांचं नुसतं आख्यान असतं, कृष्णविवरात पडलं तर काय होईल वगैरे. पूर्वरंगाचा पत्ता नाही. सरांचं म्हणणं होतं की पदोन्नतीच्या फाइलमध्ये पेपर मोजतात, टाळ्या नाही. खरंच आहे. माझी फाइल त्यापायी रखडली आणि सर पुढं गेले. फक्त २०१८ मध्ये यूजीसीनं मान्य जर्नलांच्या आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली, त्यांत सरांचं लाडकं जर्नलही होतं. पैसे भरा, छापून घ्या. त्या पेपरांपेक्षा पारावरच्या त्या म्हाताऱ्यांनी जास्त भौतिकशास्त्र वाचलं असेल, मी काय म्हणू!

बरं, तुमचा प्रश्न. पगाराच्या जागा थोड्या आहेत. विज्ञान केंद्रं, तारांगणं, मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आयुकासारख्या संस्थांतलं प्रसाराचं काम, थोडी पत्रकारिता. सरकारचा भरवसा धरू नका. १९८९ मध्ये सुरू केलेली 'विज्ञान प्रसार' ही संस्था केंद्रानंच २०२३ मध्ये बंद केली. नेट काढून प्राध्यापकी आणि तिच्या जोडीनं हे काम, हा रस्ता मला तरी बरा वाटतो. पण मी अनुदानित कॉलेजातला कायम नोकरीचा माणूस आहे, दर महिन्याला पगार येतो आणि त्याच्या जिवावर असे सल्ले देतो, हे लक्षात ठेवा. आज भरतीची अवस्था काय आहे ते तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

पीएच.डी. मात्र करू द्या आणि नीट करू द्या. इथं सरांचा मुद्दा अर्धा बरोबर होता, त्यांच्या तोंडावर मी तो कधी मान्य केला नाही. स्वतः मोजमाप करून थकलेला माणूस 'एवढं खात्रीनं सांगता येतं, यापुढं नाही' असं म्हणू शकतो. ऐकीव ज्ञानावर बोलणारा हमखास ताणतो.

आणि त्याला हे खरंच जमतं का ते घरीच बघा. १९-२० मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या जरा आधी, संभाजीनगरात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गच्चीवर शेजारपाजारचे बोलवा आणि ती का नाहीशी होते हे त्याला सांगू द्या, पुस्तकातला एकही शब्द न वापरता. जुलैतही असा दिवस येतो, पण तेव्हा आभाळ असतं, म्हणून मेमध्येच उरका.