दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत कुत्र्यांना घेऊन दापोली: घाटापेक्षा गवताला जपा

तुमचा प्रश्न असा आहे: नऊ वर्षांची लॅब्रेडॉर आणि दीड वर्षाचा देशी कुत्रा यांना घेऊन कोथरूडहून दापोलीला चार दिवस गाडीने जायचंय, दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आत. रस्ता कुठला धरावा, घाट झेपेल का आणि सोबत काय घ्यावं?

जरूर जा. गेली आठ वर्षं मी माझ्या दोन कुत्र्यांना घेऊन याच पंधरवड्यात हा भाग फिरतेय, आणि वर्षातले हे दिवस मला सगळ्यात प्रिय आहेत. पाऊस सरलेला असतो, पण डोंगर अजून हिरवे असतात. उतारांवर सोनकीचा पिवळा रंग टिकून असतो. खाली पोलादपूरकडे उतरलं की खाचरांत भात पिवळं पडलेलं दिसतं, कुठे कापणी चाललेली, कुठे खळ्यावर झोडणी. खिडकी चार बोटं उघडली तरी कुत्र्यांची नाकं घाट संपेपर्यंत थांबत नाहीत.

जाताना वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, भरणे नाका आणि दापोली असं जा. येताना वेसवीहून फेरीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) बागमांडला, मग श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी. आंबेनळीची वाट निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. जुलै २०२१च्या पावसात तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि पावसाळ्यानंतर दुरुस्तीची कामं निघतात. पहाटे साडेपाचला घर सोडा. त्या आधी तीन-चार तास पोटात काही नको. पसरणीच्या वळणांवर भरल्या पोटी तरुण कुत्रंही ओकतं. पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. दोघांनाही मागच्या सीटवर हार्नेस घालून पट्ट्याला अडकवा. महाबळेश्वरात रस्त्यावर माकडं बसलेली असतात, आणि तुमचा दीड वर्षाचा गडी उघड्या खिडकीतून झेप घेईल, तेव्हा तिथे काचा वरच ठेवा.

पण तुम्ही घाटाबद्दल एवढं विचारलंत आणि गवताबद्दल एक शब्द नाही, म्हणून हे मोठं उत्तर लिहितेय. या दिवसांत खरा त्रास गवतातून येतो.

पावसाळ्यात गुडघाभर वाढलेलं गवत ऑक्टोबरात पिकतं आणि कुसळं धरतं. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावरचे केस उलटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आपल्या पायजम्याला लागलं तर आपण उपटून टाकतो. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकपुडीत, पापणीखाली गेलं तर आत रुतत जातं. माझ्या देशी कुत्रीला चौथ्या वर्षी हे झालं. मंडणगडच्या वाटेवर एका माळावर दहा मिनिटं सोडली होती. संध्याकाळी मान एका बाजूला कलती करून कान झाडायला लागली. मला वाटलं पाणी गेलं असेल, म्हणून रात्रभर थांबले. ती चूक होती. सकाळी ती कानाला हात लावू देईना. जवळच्या दवाखान्यात कानात औषध घालून परत पाठवलं, आत बघितलंच नाही. पुण्यात आल्यावर भूल देऊन कानाच्या पडद्याजवळून कुसळ काढावं लागलं. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: पिकल्या गवतात कुत्रं सोडायचं नाही. पायवाट, गाडीवाट, कापून झालेलं खाचर, ओली वाळू एवढंच. प्रत्येक थांब्यावर गाडीत घेण्याआधी चारही पंजे, काखा, कान आणि डोळे हाताने चाचपायचे. पंजे आणि कानांभोवतीचे केस निघायच्या आधी कापून घ्या. अचानक सलग शिंका, एकच पंजा चाटणं, मान कलती धरणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि कानात आत बघा असं स्वतःहून सांगा.

त्याच गवतात गोचीड असते. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून गोचिडीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध द्या. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडेपेटी काही नको. लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचाही) अंतर्भाव असलेली वार्षिक लस आणि रेबीजची लस झालेली आहे ना, हे आत्ताच कार्डावर बघा. खाचरात, डबक्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो आणि तो कुत्र्यावरून माणसालाही होतो. म्हणून पाणी घरचंच, पाच लिटरचे दोन कॅन.

ऑक्टोबरचं ऊन हलकं समजू नका. बाहेर ३० अंश असताना उन्हात बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत ४०च्या आसपास जातो, आणि लॅब्रेडॉरचं वय झालेलं असलं की तिला धाप आवरत नाही. जेवायला थांबाल तेव्हा एकाने गाडीबाहेर सावलीत कुत्र्यांपाशी बसायचं, मग अदलाबदल. अकरा ते चार मुक्कामावर पडवीत झोपू द्या.

मुक्काम ठरवताना घरमालकांना तीन गोष्टी विचारा. अंगणाला गडगा किंवा कुंपण आहे का, घरची कोंबडी-कुत्री मोकळी असतात का, आणि रात्री कुत्री घरात झोपू देतील का. तिसरं महत्त्वाचं आहे. बिबट्या कुत्रं उचलतो, वाडीत सगळ्यांना ते माहीत असतं. अंधार पडल्यावर लघवीलाही पट्टा आणि बॅटरी घेऊनच जा. फुरसं आणि घोणस हे विषारी साप याच वेळेला गडग्याच्या फटीतून बाहेर येतात.

वाडीतली कुत्री आपली हद्द राखतात, त्यात त्यांची चूक नाही. भाद्रपदाचा हंगाम ओसरला तरी नर अजून तापलेले असतात, त्यामुळे तुमच्या देशी कुत्र्याला नसबंदी नसेल तर वाडीतून चालवूच नका. आणि रस्त्यात मेंढ्या दिसल्या तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. फलटणकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन घाट उतरतात, त्यांच्यासोबतची कुत्री राखणीची असतात. मी दर वर्षी थांबते. कळप पुढे जाईपर्यंत माझी दोघं श्वास रोखून बघत असतात, आणि मलाही ती पंधरा मिनिटं सोडवत नाहीत.

किनाऱ्यावर मोकळं सोडायचं असेल तर कर्दे किंवा केळशीला सकाळी सातच्या आत, ओल्या वाळूवर. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, जुलाब लागतात. रापणीतून (किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातून) टाकून दिलेले मासे वाळूवर पडलेले असतात, त्यात फुगीर पोटाचा केंड असतो. त्याच्या विषावर उतारा नाही. तुमची लॅब्रेडॉर जे दिसेल ते तोंडात घालणाऱ्यांतली असेल तर तिला लांब पट्ट्यावरच ठेवा. वेळासच्या किनाऱ्यावर तर मी सोडतच नाही. कासवांची अंडी घालणं नोव्हेंबरपासून सुरू होतं, आणि घरटं उकरायला कुत्र्याला दोन मिनिटं पुरतात.

फेरीवर कुत्र्यांना गाडीतच ठेवा, काचा उघड्या आणि तुम्ही शेजारी. धक्क्यावर गाडी चढताना पत्र्याचा खणखणाट होतो, त्याला दोघंही बिचकतील. त्यांच्या छातीवर हात ठेवून बसा, अर्ध्या वाटेत शांत होतात.

ताम्हिणीत कुत्र्यांना जंगलात सोडायचा मोह आवरा. त्यातला काही भाग २०१३पासून अभयारण्य आहे आणि आपल्या कुत्र्यांचे आजार जंगली प्राण्यांना लागतात. मुळशीकडे उतरून रस्त्याकडेला पाय मोकळे करा.

गोचिडीचा ताप उशिरा दिसतो, म्हणून घरी आल्यावर तीन आठवडे रोज हिरड्या बघा. फिक्या पडल्या, अन्नावरून मन उडालं, अंग तापलं किंवा लघवी गडद आली तर रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा की कोकणातून, गवतातून जाऊन आलोय.