ज्याचे नातेवाईक, त्यानेच उत्तर द्यावं

ताई, दिवाळीत माहेरी सगळे जमले की काकू तुमच्या नऊ वर्षांच्या लेकीला विचारतात, "तू नक्की कोण गं, मराठी की मद्रासी?" ती गोंधळून तुमच्याकडे बघते. केरळात पालक्काडला गेलात की यजमानांच्या घरी हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. वाद न होता काय बोलावं, हे तुम्ही विचारलंत.

मी डोंबिवलीची, हे त्रिशूरचे, मुलगा आता नोकरीला लागलाय. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: ज्याचे नातेवाईक, त्याने उत्तर द्यायचं. काकूंशी तुम्हीच बोला. जावई बोलला की त्यात मानापमान शिरतो, पुतणी बोलली की ते घरातलं बोलणं राहतं. तिकडच्या मावशा-आत्यांना यजमानांनी मल्याळममध्ये सांगावं. आणि सांगायचं ते मुलीच्या देखत. काकूंचं समाधान झालं नाही तरी चालेल, आई आपल्या बाजूने बोलली हे लेकीला कळलं पाहिजे. "काकू, ती दोन्हीकडची आहे" एवढं शांतपणे म्हटलं तरी पुरतं.

सगळेच प्रश्न टोचायला विचारलेले नसतात. घरात कुठली भाषा बोलता, आडनाव का नाही, हे खरं कुतूहल असतं. केरळात बऱ्याच घरांत आडनाव लावतच नाहीत, वडिलांचं किंवा घराण्याचं नाव आद्याक्षर म्हणून येतं, हे निवांत समजावून सांगा. "जात कुणाची लावलीत?" याला मात्र "ते आमचं आम्ही ठरवलंय, काकू" एवढंच, आणि लगेच विषय बदलायचा. "बोल बघू मल्याळममध्ये काहीतरी" हे तर मला अजिबात सहन होत नाही. चारचौघांत पोराची परीक्षा घेतली की ते ती भाषा बोलायचंच टाळू लागतं. तिथे लगेच मध्ये पडा.

मुलीजवळ स्वतःचं सांगण्यासारखं काहीतरी हवं, म्हणजे ती प्रश्नाने बावरत नाही. आमच्या मुलाला बळीराजाची गोष्ट सापडली. पाडव्याला आपल्याकडे "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात. तोच महाबली ओणमला आपल्या प्रजेला भेटायला येतो म्हणून केरळात दारात पूक्कळम, म्हणजे फुलांची रांगोळी, घालतात. मुलगा पाचवी-सहावीत असताना पाडव्याच्या दिवशी त्याने हे माझ्या आत्याला सांगितलं. आत्या शेतकऱ्याच्या घरातली, बळीराजा म्हटल्यावर ती सरसावून बसली आणि तिनेच त्याला उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढच्या ओणमला ती आमच्याकडे सद्याला, म्हणजे केळीच्या पानावरच्या सणाच्या जेवणाला, आली. पानावर पहिल्यांदा भातावर परिप्पू म्हणजे डाळ आणि वर तुपाची धार पडली तेव्हा म्हणाली, "अगं, हा तर आपला वरणभात!" अवियल, म्हणजे नारळ घातलेली मिश्र भाजी, तिने दोनदा मागून घेतलं.

प्रत्येक आत्या अशी निघत नाही. माझे एक काका शेवटपर्यंत बदलले नाहीत. त्यांच्याकडे आम्ही कार्यापुरतं जायचो, मुक्काम करायचो नाही.

तुम्ही लिहिलंय की यजमान तिकडे गप्प बसतात. काकूंच्या आधी मी तिकडे लक्ष देईन. दिवाळीच्या आधीच दोघं निवांत बसा आणि पालक्काडला कोणत्या मावशीला ते काय सांगणार, हे त्यांच्याच शब्दांत ठरवून घ्या.