नॉकआउटची साखर बरी दिसत होती आणि लिटरमेटनी घोटाळा केला? आधी कंट्रोल कुठले ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचा मी आठवलो. ग्लुकोज टोचल्यावर नॉकआउट (एक जनुक बंद केलेल्या) उंदरांची साखर झरझर उतरते, विकत आणलेल्या कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या साध्या उंदरांची, वरच रेंगाळते. मग लिटरमेट (त्याच वेतातली भावंडं) तुलनेला घेतले तर दोन्ही रेषा एकमेकींवर. जीनोटायपिंग (कुठल्या उंदरात जनुक बंद आहे याची तपासणी) चुकलं का, असं विचारताय. तिथे वेळ घालवू नका. तुमची लाइन ‘६ एन’वर बनलेली आणि कंट्रोल ‘६ जे’ असणार, पैज लावतो.

दोन्ही म्हणायला सी५७ ब्लॅक ६ (थोडक्यात बी ६) या काळ्या उंदरांच्या जातीचेच, पण १९५१ पासून वेगळे वाढलेले. ‘जे’मध्ये एनएनटी जनुकाचे पाच एक्सॉन (जनुकाचे कामाचे तुकडे) गळालेत, त्यात इन्सुलिन कमी सुटतं, साखर चढून राहते. (सगळ्यांनाच हा फरक तितका ठळक दिसत नाही, हेही खरं.) मोठ्या नॉकआउट प्रकल्पांत ज्यांपासून उंदीर बनवतात त्या स्टेम पेशी मात्र ‘एन’च्या. म्हणजे आपण आपलं जनुक मोजतच नव्हतो, कंट्रोलचं जुनं दुखणं मोजत होतो.

मला हे कळायला चौदा महिने लागले. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिंजऱ्यावरच्या कार्डावर निळ्या शाईत एवढंच: ‘बी ६, नर, ५’. जे की एन, तीनदा विचारलं. उत्तर, “काळेच आहेत ना, सर?” चौथ्यांदा म्हणाले, लेखी अर्ज द्या. दिला. तो कुठल्या फायलीत गेला, देव जाणे. पण खरा गाढवपणा माझाच. शेपटीचे तुकडे माझ्याच फ्रीजमध्ये होते, एनएनटीचा पीसीआर एका दुपारचं काम. मी मात्र उत्तराची वाट बघत त्याच कंट्रोलवर तीन बॅच संपवल्या.

आता तुमचं. आधी आईबाप दोघांचं एनएनटी तपासा. मिश्र निघाले तर पिल्लांमध्येही ते जनुक वाटलं जाणार, म्हणून एनएनटी सारखं असलेले लिटरमेटच जोडीला घ्या. तुमचं जनुक १३ व्या क्रोमोसोमवर एनएनटीच्या जवळ असेल तर मात्र लिटरमेटही दगा देतील, कारण दोन्ही जनुकं बरोबरच पुढे जातात. दहा पिढ्या बॅकक्रॉस (एकाच शुद्ध जातीशी पुन्हा पुन्हा संकर) करा असं कोणी सुचवेल; पिढीला तीन महिने धरले तर अडीच वर्षं होतात, फेलोशिप तेवढी उरलीय का ते बघा. विकतचे कंट्रोल वापरणं तर बंदच करायला हवं, पण हे माझं मत. तुमच्या गाइडचं वेगळं असू शकतं.

जाता जाता, नैतिक समितीच्या अर्जात पिल्लांची संख्या भीतभीत लिहू नका. हेट (जनुकाची एकच प्रत बंद असलेला) गुणिले हेट केलं की नर नॉकआउट आठात एक. दहा हवेत तर ऐंशी पिल्लं लागतात. मी चाळीस लिहिली होती, मग दुरुस्तीच्या अर्जासाठी पुन्हा हेलपाटे.

आणि हे उंदीर संपवण्याआधी प्रत्येकाच्या शेपटीचा तुकडा नंबर घालून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा.