घरची कोरकू बंद केली, तर मराठी सुधारेल का?

मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत पालकांशी बोलताना एकच काळजी माझ्या कानी वारंवार येते: मूल घरी कोरकू बोलते, शाळेत मराठी शिकते आणि चौथी-पाचवीत पोहोचेपर्यंत वर्गात गप्प होते; मग घरातली कोरकू बंद करावी का?

अशाच एका पाचवीतल्या मुलाची शाळा सोडवून त्याला मजुरीला सोबत नेण्याच्या विचारात त्याचे वडील होते. “मॅडम, याच्या डोक्यात काही शिरतच नाही. शाळेनंतरच्या संध्याकाळच्या वर्गातही तोंड उघडत नाही,” ते म्हणाले. मैदानावर मात्र हाच मुलगा मराठीत तावातावाने भांडताना मी पाहिला होता.

काही भेटींनंतर मी वडिलांना संध्याकाळच्या वर्गात बसवले आणि मुलाला गणिताच्या पुस्तकातले एक शाब्दिक उदाहरण दिले. त्याने ते अडखळत वाचले आणि मान खाली घातली. मग वर्गाला मदत करणाऱ्या, गावातल्याच नववीतल्या मुलीने तेच उदाहरण तेंदूपत्त्याच्या पुड्यांचा हिशोब म्हणून कोरकूत सांगितले. मुलाने वही न उघडता उत्तर दिले. ते कसे काढले, हेही तिला समजावले.

वडील बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. “म्हणजे गणित येतं याला. मग अडलं कुठे?”

“प्रश्न कळण्यात,” मी म्हणाले.

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांची मांडणी मला इथे नेहमी खरी ठरताना दिसते. रोजच्या बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा आत्मसात व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. त्यात कोरकू ही मुंडा गटातली, मराठीशी नाते नसलेली भाषा. ती बंद केल्याने मराठी वाढत नाही. मुलाचा विचार करण्याचा आधार तेवढा जातो. म्हणून शाळेनंतरच्या वर्गात धडा आधी कोरकूत समजावा, मग मराठीत वाचावा आणि लिहावा, असा माझा आग्रह असतो आणि त्याने बोलती झालेली मुले मी पाहिली आहेत.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टीतला खंड मोठा असतो. मे महिन्यात कुटुंबे पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जातात, म्हणून उन्हाळी वर्ग संध्याकाळीच ठेवावा. पालकांनी मुलाचे नाव घालण्यापूर्वी तिथे कोरकू बोलणारे कोणी आहे का, एवढे जरूर विचारावे. नसेल, तर गावातल्या एखाद्या शिकलेल्या ताईला वर्गात बसवण्याची मागणी करावी.