फ्लेमिंगोंसारखे फोटो काढायला मुंबईलाच जावं लागेल का?

तुमच्याकडे ३०० एमएमची एकच लेन्स, गाव गोंदिया जिल्ह्यात, आणि ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो पाहून हात शिवशिवताहेत. फ्लेमिंगोच हवे असतील तर जा बापा. तिथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा असतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरायला पसरतात, भरती आली की एका जागी गोळा होतात.

आपल्याकडे ओहोटी सहा तासांची नाही, सहा महिन्यांची. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी धानाला सोडलं की काठ हळूहळू उघडा पडत जातो आणि त्या ओल्या गाळात तुतवार, शेकाट्या असे पक्षी उतरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघड्या पाण्यावर तलवार बदकं असतात. शिंगाड्याच्या पानांवर कमळपक्षी दिसतो, पण त्याची लांब शेपटी हवी असेल तर पावसाळ्यात जा. हिवाळ्यात ती गळालेली असते.

लेन्सपेक्षा बसणं महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी मिलिटरीसारखा ठिपक्यांचा ड्रेस घालून तलावाच्या पाळीवर गेलो. गावची कुत्री मागे लागली, अडई बदकांचा अख्खा थवा उडाला. पन्नास पावलांवर ढिवरदादा डोंग्यातून जाळं टाकत होते, त्यांच्या बाजूचा एक पक्षी हलला नाही! पक्ष्यांना रोजच्या माणसाची सवय असते. बिचकतात ते थबकून रोखून पाहणाऱ्याला. तेव्हापासून साध्या मळक्या कपड्यात उजाडायच्या आधी जाऊन बसतो. सूर्य पाठीशी, कॅमेरा पाण्याच्या जवळजवळ पातळीला, कोपर गुडघ्यावर. तासाभरात पक्षी आपणच जवळ सरकतात, मग ३०० पुरते. बगळा काढताना एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा. मागे गडद पाणी असलं की कॅमेरा फसतो आणि बगळ्याची पिसं नुसती पांढरी फटक येतात. माझे शंभरेक फोटो असे वाया गेलेत. उडत्या बदकासाठी शटर १/२००० च्या खाली नको. धुक्यात तेवढा उजेड नसतो, तेव्हा बसलेलेच पक्षी काढा.

आता सारस. महाराष्ट्रात तो मुख्यतः आपल्याच भागात उरलाय, म्हणून जरा कडक बोलतो. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत (शेतात) घरटं करतो, अंडी बहुधा दोनच. तुम्ही धुऱ्यावरून (बांधावरून) आत शिरलात की जोडी उठते आणि कावळ्याला तेवढंच पाहिजे असतं. त्या दिवसांत कॅमेरा घरी ठेवा, घरटं दिसलंच तर जागा कोणाला सांगू नका, फोटोसोबत लोकेशन तर मुळीच टाकू नका. धान कापून झालं की तीच जोडी पिल्लाला घेऊन उघड्या बांधीत चरताना दिसते. शेतमालकाला विचारून रस्त्यावरूनच काढा. पाच फुटांच्या वर उंच पक्षी आहे, तुमच्या लेन्सला भारी नाही.