पॉलिश मारू नका, आणि बाकीची उत्तरं

वॉशिंग्टन डीसीचा फाउंटन पेन शो, म्हणजे शाईच्या जुन्या-नव्या पेनांच्या खरेदी-विक्रीचा मेळा, ऑगस्टमध्ये असतो. नाव डीसीचं, पण भरतो शेजारच्या व्हर्जिनियातल्या एका हॉटेलात. जून उजाडला की मला तीच ती पत्रं येऊ लागतात. वडिलांची पेनं विकायची आहेत, स्वतःचा संग्रह कमी करायचा आहे, आईने डबा उघडला तर त्यात चाळीस पेनं निघाली. मी याच भागात राहते, जुनी पेनं दुरुस्त करते आणि बरीच वर्षं या शोमध्ये टेबलामागच्या खुर्चीत बसते. वकील नाही, कर सल्लागारही नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : माझ्याकडे विकायला पंचवीसेक पेनं आहेत. यंदा टेबल मिळेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

आता नाही. टेबलं कितीतरी महिने आधीच भरतात. ओळखीच्या विक्रेत्याला अर्धं टेबल वाटून घेता येईल का ते विचारा, पण आयोजकांना कळवल्याशिवाय नको. पुढच्या वर्षीसाठी नोंदणी उघडेल त्या दिवशी पैसे भरा. जुलैत पत्र लिहू नका.

प्रश्न : ताई, बाबांचं १९४० च्या दशकातलं पार्कर व्हॅक्युमॅटिक आहे. अंगावर ओरखडे आहेत, क्लिप काळवंडली आहे. ठाण्यातले आमचे सराफ मशीनवर चकचकीत करून देतो म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर टूथपेस्टचाही उपाय आला आहे. मुलीकडे मेरीलँडला येतोच आहे, तर विक्रीआधी यातलं कोणतं करू? (ठाणे)

काहीही करू नका. पेन मऊ फडक्यात गुंडाळा आणि हे पत्र संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

व्हॅक्युमॅटिकचं अंग सेल्युलॉइडचं. मोतिया आणि पारदर्शक पट्ट्या एकाआड एक चिकटवून त्याची नळी बनवलेली असते. पेन खिडकीसमोर आडवं धरलं की पट्ट्यांमधून उजेड दिसतो. जाणता गिऱ्हाईक पहिलं काम हेच करतो. पट्ट्या स्वच्छ असतील तर भाव चढतो, चहासारख्या तपकिरी झाल्या असतील तर उतरतो. हा बदल पदार्थाच्या आतला असतो, वरून घासून तो जात नाही. वरून घासून जातं ते वेगळंच. बॅरलवर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत ठसवलेलं असतं आणि त्याच्याजवळ एक आकडा असतो. तो सालाचा शेवटचा आकडा. त्याच्याजवळच्या टिंबांवरून तिमाही कळते. हा ठसा किती खोल? नखाला जेमतेम लागेल इतका. सराफाचं कापडी चाक त्याच्यावरून दोनदा फिरलं की टिंबं जातात, तिसऱ्यांदा आकडा जातो. क्लिपवर निळा डायमंड असेल तर त्यातला मीनाही उडतो. शिवाय चाकाने उष्णता तयार होते. सेल्युलॉइड उष्णतेने मऊ पडतं, वाकतं आणि ते ज्वालाग्राही आहे हेही सराफाला सांगितलेलं बरं. त्याच्या दुकानाची काळजी म्हणून.

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, ते दातांसाठी. स्पिरिटने पुसण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पेनाबाबत पुढचा कोणताही सल्ला घेऊ नका. स्पिरिटने सेल्युलॉइड खराब होतं आणि ‘पार्कर ५१’ या दुसऱ्या जुन्या पेनाच्या प्लास्टिकला बारीक चिरा जाऊ शकतात. एबोनाइटची पेनं रात्रभर पाण्यात भिजवण्याचा उपायही फिरतो आहे. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक. उन्हाने आधीच फिकं पडलेलं एबोनाइट पाण्यातून बाहेर काढलं की मातकट तपकिरी दिसतं. मग लोक ते काळं रंगवतात. मग ‘मूळ काळा रंग’ म्हणून विकतात. ही साखळी मी दर वर्षी टेबलावर बघते आणि दर वर्षी रक्त आटवते.

दोन वर्षांपूर्वी असेच एक काका माझ्याशेजारच्या टेबलाशी आले होते. पेन आरशासारखं. विक्रेत्याने ते हातात घेतलं, भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली बॅरल हळूहळू फिरवलं. एक फेरी, दुसरी फेरी. ठसा कुठेच नव्हता. तो काही बोलला नाही. अंगठ्याने टोपणाची कड चाचपली आणि पेन समोरच्या ‘वापरायची पेनं’ लिहिलेल्या स्वस्त ट्रेशेजारी ठेवून त्या ट्रेमधला भाव सांगितला. काकांना वाटलं आपल्याला गंडवतोय. तो गंडवत नव्हता. गंडवलं होतं ते पुण्यातल्या ज्या कुणी पाचशे रुपये घेऊन ‘नवं करून देतो’ म्हटलं त्याने.

तेव्हा, बाबांच्या पेनावर ओरखडे आहेत? असू देत. ऐंशी वर्षांच्या पेनावर ओरखडे नसतील तर मलाच शंका येते. त्यांचं नाव कोरलेलं आहे का? तेही घालवू नका. नावाने भाव थोडा कमी होतो, घासलेल्या खड्ड्याने फार कमी होतो. आतला शाई ओढणारा रबरी पडदा कडक झाला असेल, तो बदलता येतो. पण ते काम व्हॅक्युमॅटिक उघडायची खास पकड असणाऱ्याकडूनच करून घ्या, घरच्या पकडीने नाही. आणि काम झालं असेल तर विकताना सांगा. दुरुस्ती लपवण्यात फायदा नाही, उलट पडदा नवा आहे म्हटल्यावर लोक चार पैसे जास्त देतात. पेन इथे आणा, मी किंवा दुसरा कुणी दुरुस्ती करणारा आधी बघू दे. मग ठरवा.

प्रश्न : पुण्याहून टुरिस्ट व्हिसावर येतोय. संग्रहातली साठ पेनं आणून टेबलावर विकली तर चालेल ना? ग्रुपवर म्हणतात, कुणी विचारत नाही. (पुणे)

ग्रुप विमानतळावर तुमच्याबरोबर उभा राहणार नाही.

अमेरिकेच्या बी-१ व्हिसावर, म्हणजे व्यवसायानिमित्त भेटीच्या व्हिसावर, प्रदर्शनाला जाणं, माल दाखवणं, बोलणी करणं, ऑर्डर घेणं या गोष्टी बसतात. टेबलामागे बसून नोटा मोजून घेणं आणि माल हातावर ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. लंडनच्या शोला जाणाऱ्यांसाठी तर ब्रिटनचा नियम स्पष्ट आहे : व्हिजिटर म्हणून ट्रेड फेअरला या, प्रसिद्धी करा, थेट विक्री करू नका. कस्टम्सचा मुद्दा याहून निराळा. विकायला आणलेली वस्तू हे ‘वैयक्तिक सामान’ नसतं आणि व्यापारी माल आहे का हा प्रश्न अमेरिकेत शिरताना असतोच. त्याला ‘नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी टेबल मांडायचं, हा शहाणपणा माझ्याकडून मागू नका.

भारतातून निघतानाही एक गोष्ट आहे आणि ती कुणाच्या गावी नसते. भारतात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. १९७२ च्या कायद्याने अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पार्करचं मोठं लाल ड्युओफोल्ड १९२१ चं. करा हिशोब. तुमचं पेन त्या व्याख्येत येतं की नाही हे मी सांगू शकत नाही. पुरातत्त्व विभाग ‘पुरावशेष नाही’ असा दाखला देतो, त्यांना विचारा. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं काही असेल तर ते घरीच ठेवा, तो विषयच काढू नका.

बरा मार्ग म्हणजे इथल्या एखाद्या विक्रेत्याला कमिशनवर पेनं देणं. पण माल आणण्याचे नियम त्यालाही लागू आहेत. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी द्या.

प्रश्न : पेनं चेक-इन बॅगेत की हातात? (नाशिक)

हातात. रिकामी आणि धुतलेली.

प्रश्न : मागच्या वर्षी गुरुवारी संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीतच एका विक्रेत्याने माझी बावीस पेनं बघितली आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला, रोख, लगेच. मी दिली. नंतर कळलं त्यातल्या तिघांचेच तेवढे झाले असते. हे असंच चालतं का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

चालतं. त्याने तीनच पेनं बघितली होती, बाकी एकोणीस तुमचं लक्ष वळवायला होती. जनतेसाठी दारं उघडली की धंदा सुरू होतो असं आपल्याला वाटतं, पण खरा धंदा त्याच्या आधीच विक्रेत्यांचा विक्रेत्यांशी होतो.

सगळ्यांचा एकत्र भाव सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : ‘प्रत्येकाचा वेगळा सांगा.’ त्यावर तो कुरकुरला की समजायचं. तो वेगळे भाव सांगेल तेव्हा कोणत्या पेनावर त्याची बोटं थांबतात तेही बघा. ‘आज रात्रीच, उद्या भाव हा नाही’ हे वाक्य ऐकलं की पेनं गुंडाळा आणि जेवायला जा. उद्याही भाव तोच असतो.

पण एक बाजू त्याचीही सांगते, कारण मला दोन्ही बाजूंची पत्रं येतात. विक्रेता तुम्हाला किरकोळ भावाच्या निम्म्याच्या आसपास देत असेल तर तो चोर नाही. टेबल, हॉटेल, विमान, दुरुस्ती आणि दोन वर्षं न खपणारी पेनं हे सगळं त्या दुसऱ्या निम्म्यात आहे. आणि ईबेवर कुणी किती मागतंय ते बघून येऊ नका, मागायला काय जातं? विकलं कितीला गेलं ते बघा. संग्रह मोठा असेल तर शोच्या आधी एखाद्या जाणत्याकडून पैसे देऊन किंमत लावून घ्या. जो किंमत लावेल त्यालाच विकू नका.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. स्वतःची पेनं विकली तर कर भरावा लागेल का? सहाशे डॉलरच्या आत असेल तर नाही, असं ऐकलंय. (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

ऐकलंय हा शब्द कर विभागाला पाठ आहे. विक्रीचा आकडा कळवणारा फॉर्म येवो न येवो, नफा झाला तर तो उत्पन्नात दाखवायचा असतो. घेतल्याच्या पावत्या शोधा, त्यावरूनच नफा ठरतो. विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा. तुमच्या कॅलिफोर्नियात काही दिवसांच्या विक्रीसाठी तात्पुरता सेलर्स परमिट मिळतो, आयोजकही त्याबद्दल सांगतात. राहिला व्हिसा. स्वतःच्या चार वस्तू विकणं आणि धंदा चालवणं यात फरक आहे, पण दर शोला टेबल मांडणारा त्यातल्या कुठल्या बाजूला बसतो हे मी ठरवत नाही. सीपीए (म्हणजे इथला सीए) आणि वकील, दोघांनाही विचारा. शो झाल्यावर नाही, आधी.

प्रश्न : भारतीय पेनांना तिकडे कुणी विचारतं का? माझ्याकडे रत्नम, जुनी विल्सन, एअरमेल आणि शाळेतली कॅम्लिन आहेत. (बेळगाव)

विचारतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त. हाताने कातलेलं, ड्रॉपरने शाई भरायचं एबोनाइटचं पेन हे अमेरिकन गिऱ्हाइकाला नवल वाटतं. राजमहेंद्रीच्या रत्नमची गांधीजींसाठी स्वदेशी पेन बनवल्याची गोष्ट सांगितलीत तर माणूस खुर्ची ओढून बसतो. पण गोष्ट सांगायची तर कागद हवा. पावती, जुनं खोकं, दुकानाचं पत्रक, काहीही. ‘आजोबा सांगायचे’ म्हणजे पुरावा नव्हे. कॅम्लिनला तिथे ओळख नाही. मी स्वतः आठवीपर्यंत त्याच पेनाने लिहिलं, कॅमल शाईने बोटं निळी केली, तरी सांगते : ती विकायला आणू नका, लिहायला ठेवा.

प्रश्न : निबवर ‘वॉरंटेड १४ कॅरट’ आहे. सोनं म्हणून तरी चांगली किंमत येईल? पेन शेफरचं आहे. (छत्रपती संभाजीनगर)

शेफरच्या पेनात शेफरचं नाव असलेलं निब असतं, नुसतं ‘वॉरंटेड’ लिहिलेलं नाही. तुमच्याकडे कुणीतरी दुसरं बसवलेलं आहे, ते विकताना सांगावं लागेल. आणि बहुतेक निबांत ग्रॅमभरही सोनं नसतं. निब मोडून सोनं विकायला सांगणाऱ्या सराफाला पेन दाखवू नका.

प्रश्न : बहिणीने मोंब्लां दिलंय. फोटोवरून खरं की खोटं सांगाल? (दुबई)

नाही. कंपनीच्या दुकानात घेऊन जा.

प्रश्न : टेबलावर पेनं शाई भरून ठेवू का? लोकांना लिहून बघता येईल. (सिएटल)

नको. ती सुकतात, गळतात, आणि गिऱ्हाइकाला पांढरा शर्ट घालायचा तोच दिवस सापडतो. धुवायला सोपी अशी साधी निळी शाई, पाण्याचा पेला आणि चांगला कागद ठेवा. कुणाला हवं तर निब बुडवून लिहू द्या, तेही तुमच्यासमोर. न वापरलेलं, स्टिकर असलेलं पेन मात्र कुणालाही बुडवू देऊ नका. आणि टिश्यू स्वतःचे न्या, हॉटेलातले दुपारपर्यंत संपतात.